अक्कांनी मोडलेलं मंडळ

बैठकीच्या आदल्या दिवशी अक्कांचा फोन यायचा आणि पहिलंच वाक्य असायचं, “बठ्ठा येतीन ना?” बठ्ठा म्हणजे सगळे; मी येणार का, हे त्या विचारत नसत. मी येणारच, आणि धरणगावच्या बाकीच्यांनाही आणणार, असा त्याचा अर्थ.

अक्का भडगावच्या निवृत्त शिक्षिका. साक्री, धुळे, भडगाव आणि आमच्या धरणगावची ज्योतिष मंडळं त्यांनी एसटीने फिरून फिरून एकत्र आणली. ही मंडळी कशी असतात, तुम्हीही पाहिलं असेल. एकाचं पंचांग दुसऱ्याला चालत नाही. अक्का दोघांना एका सतरंजीवर बसवत, एकच पत्रिका दोन्ही पद्धतींनी मांडायला लावत आणि भांडण रंगात आलं की केळीच्या वेफर्सचा डबा मध्ये सरकवत. तोंड भरलं की आवाज उतरतो, म्हणत. एखादा सभासद आजारी पडला तर पुढची बैठक त्याच्याच घरी.

मग धुळ्याच्या मंडळात एक गुरुजी आले. मोबाईलवर त्यांची भाषणं पाहणारे पुष्कळ, त्यामुळे मंडळाला भलताच मान मिळू लागला. या गुरुजींनी भडगावच्या एका नर्स मुलीची पत्रिका पाहून तिच्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं की मंगळ कडक आहे, मुलगा टिकणार नाही. साखरपुडा झालेलं लग्न मोडलं.

मुलीची आई बैठकीत येऊन दाराशी उभी राहिली. तिने काही मागितलं नाही. तिला फक्त हे सांगणारा माणूस बघायचा होता.

गुरुजी म्हणाले, पत्रिकेत जे आहे ते सांगणं हा माझा धर्म. काहींनी माना डोलावल्या. माझं डोकं तापलं होतं, पण अक्का माझ्या आधी उठल्या.

“माझ्या पत्रिकेतही मंगळ आहे,” त्या म्हणाल्या. “नवरा अपघातात गेला. असाच एक जण सासूला म्हणाला, सुनेने खाल्ला. मला अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर काढलं. ते खरं होतं का, हे बघायला मी हे शिकले. तुम्ही त्या घरी जा आणि शब्द मागे घ्या.”

गुरुजी हसले. आमचे ज्येष्ठ नाना समजुतीने म्हणाले, अक्का, ताणू नका, मंडळ मोडेल.

“मोडू द्या,” अक्का म्हणाल्या.

तशाच त्या मुलीच्या आईला घेऊन मुलाच्या घरी गेल्या. मी बरोबर होतो. तिथे चहा मिळाला, लग्न जुळलं नाही. इकडे मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून अक्कांना काढून टाकलं होतं. तो ग्रुपही त्यांनीच सुरू केला होता. त्यानंतर त्या कुठल्याच बैठकीला गेल्या नाहीत. ती मुलगी मात्र रजेच्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला जायची. अक्कांच्या शेवटच्या आजारात उशाशी तीच होती.

गेल्या वर्षी धुळ्यात मंडळाचं संमेलन झालं. व्यासपीठावर अक्कांचा हार घातलेला फोटो, आणि माईकवर गुरुजी. अक्कांनी माणसं कशी जोडली, हे ते रंगवून सांगू लागले. लोक डोळे पुसत होते. ज्यांनी त्या दिवशी माना डोलावल्या, तेही.

मी व्यासपीठावर चढलो. हार काढून गुरुजींच्या पुढ्यात ठेवला आणि फोटो काखेत घेऊन चालू लागलो. मला कोणी अडवलं नाही. सभागृहाचं दार ओलांडेपर्यंत गुरुजींचं भाषण पुन्हा सुरूही झालं होतं.