दिवेलागणीला मागितलेले विरजण

परवा तुम्हा नातवंडांतल्या थोरलीने मला फोनवर तिचे वर्षभराचे संकल्प वाचून दाखवले. रोज पोहायचे, महिन्याला एक मोठे पुस्तक संपवायचे, गणितात वरच्या तुकडीत जायचे. ऐकून मला बरे वाटले, कारण मीही त्याच जातकुळीतली. माझ्या डाळीच्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या असतात, तुम्ही पाहिल्याच आहेत. पण फोन ठेवल्यावर मला आठवल्या त्या तुमच्या आत्याआजी, आजोबांच्या थोरल्या बहीण. फोटोत आमच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या दिसतात, त्या. त्यांनीही एकदा एक संकल्प केला होता, आणि तसा संकल्प मी आजवर दुसऱ्या कुणाचा ऐकलेला नाही.

आजोबा बँकेतून निवृत्त झाले आणि आम्ही चेन्नईला, वेलचेरीतच राहिलो. आमच्याकडची रेल्वे तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. त्याच वर्षी आत्याआजींचे यजमान गेले. मूलबाळ नव्हते. मिरजेच्या घरात भाडेकरू ठेवून त्या आमच्याकडे आल्या, पण एक अट घालून. "दिवाळीपर्यंत राहून बघते. नाही रमले तर माझी मी परत जाईन." भाडेकरूलाही तसेच सांगून ठेवले होते. मिरजेला त्या एकट्या कशा राहणार, या काळजीने आजोबांना पोखरले होते, पण बहिणीपुढे बोलायची त्यांची प्राज्ञा नव्हती.

मी त्यांना वन्सं म्हणत असे. नणंदेचा मान ठेवायचा, हे माझ्या सासूबाईंनी मला चांगले घोटवून घेतले होते. त्यामुळे पहिले ताट त्यांचे, पंख्याखालची जागा त्यांची, आणि कामाला हात लावू लागल्या की मी म्हणायची, "तुम्ही बसा हो." शिवाय त्या रमाव्यात म्हणून मी त्यांना वेळापत्रक आखून दिले. सकाळी बागेत फेऱ्या, दुपारी तमिळचे शब्द, गुरुवारी महाराष्ट्र मंडळ. त्या शहाण्या मुलीसारख्या सगळे करत. पाणी, मीठ, किती, पुरे, असे शब्द आलेही. चेहरा मात्र दिवसेंदिवस उतरत चालला होता.

श्रावणात एका दुपारी मी विचारले, नेमके काय चुकते आहे? त्या शेंगा सोलत होत्या, म्हणजे माझ्या हातून त्यांनी त्या ओढूनच घेतल्या होत्या.

"शब्द आले गं," त्या म्हणाल्या. "पण मी अजून बैठकीच्या खोलीतच बसलेय असं वाटतं. मिरजेची भाजीवाली मला म्हणायची, काल कुठं उलथली होतीस गं म्हातारे? तसं इथं कुणी मला हक्कानं बोललं ना, की मी राहिले समज."

मी हसले. शिव्या खाण्याचा संकल्प वेळापत्रकात कुठे मांडायचा? पण त्या हसत नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक गोष्टीला तोच एक प्रश्न विचारायला सुरुवात केली: यातून कुणी मला रागवेल इतकं जवळ येईल का? बागेतल्या फेऱ्या बंद झाल्या, कारण तिथे सगळे एकमेकांच्या पाठी बघत चालतात. सुपरमार्केट बंद, तिथे कोण कुणाला बोलणार? त्याऐवजी स्टेशनाच्या जिन्याशी बसणाऱ्या पालेभाजीवालीकडे जाऊ लागल्या आणि पदपथावर तिच्या शेजारीच बसून भाजी निवडू लागल्या. संध्याकाळी दार सताड उघडे टाकून दारात खुर्ची मांडत. डास येतात म्हणून मी कुरकुर केली, तर म्हणाल्या, "डास तरी येतात."

मला सर्वांत अवघड गेले ते विरजण. माझ्या फ्रिजमध्ये ते नेहमी असते. तरी वन्सं एक दिवसाआड वाटी घेऊन खालच्या मजल्यावरच्या मामींकडे जात. इथे शेजारच्या वडीलधाऱ्या बाईला मामीच म्हणतात. घरात असताना मागायला जायचे, याची मला लाज वाटे. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले: मागितल्याशिवाय कुणी आपलं होत नाही.

मामी फार सभ्य. दारातच वाटी घ्यायच्या, विरजण घालून परत आणून द्यायच्या आणि नीट इंग्रजीत "वेलकम, मॅडम" म्हणायच्या. वन्सं वर येऊन वाटी ओट्यावर ठेवत आणि म्हणत, "आजही हसून दिलं."

नवरात्रात मामींनी आम्हाला इथल्या रीतीप्रमाणे मांडलेल्या बाहुल्या बघायला बोलावले, हळदीकुंकू दिले, प्रसादाच्या चण्यांची वाखाणणी ऐकून घेतली. तरी मॅडम ते मॅडमच. दिवाळी तोंडावर आली. मिरजेच्या भाडेकरूचा फोन आला, राहू की दुसरे घर बघू? वन्संनी दोन दिवसांत सांगते म्हटले. आजोबा त्या रात्री नीट जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी देवापाशी निरांजन लावले आणि मागे वळून बघते तो वन्सं वाटी घेऊन चप्पल घालत होत्या.

"वन्सं, दिवेलागणीला विरजण मागतात का? आपल्याकडेसुद्धा देत नाहीत."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

मी कठड्याशी जाऊन उभी राहिले. आधी नेहमीचे पुटपुटणे ऐकू आले. आणि मग मामींचा आवाज चढला, तोही तमिळमध्ये. इतक्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. मला कळले ते असे: "अक्का, दिवा लावल्यावर कुणी दही मागतं का? एवढं वय झालं, घरात कुणी शिकवलं नाही? लक्ष्मी बाहेर घालवायची आहे का माझी? जा, सकाळी ये."

वन्सं रिकामी वाटी घेऊन वर आल्या. धाप लागली होती, पण चेहरा असा फुलला होता की आजोबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठलेच.

"ओरडली," त्या म्हणाल्या. "आणि अक्का म्हणाली." मिरजेकडे थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, म्हणून तेवढे भाषांतर त्यांना लागले नाही. मग भावाकडे वळून म्हणाल्या, "त्या भाडेकरूला फोन लाव. राहा म्हणावं, आरामात."

मी आयुष्यभर काय करायचे ते ठरवत आले. स्वतःला कसे वाटायला हवे हे आधी ओळखायचे, मग त्याच्या मागे इतक्या निगुतीने आणि इतक्या मिश्कीलपणे जायचे, हे मी त्या एकाच बाईत पाहिले.

सकाळी बेल न वाजवता मामी आत आल्या. हातात दह्याची वाटी. थेट स्वयंपाकघरात गेल्या, वन्संना आणखी दोन शब्द सुनावले, मग माझ्या ओट्याकडे पाहून म्हणाल्या की दूध असे खिडकीशी उघडे ठेवतात का, आणि पातेले स्वतःच उचलून आत सरकवले.

मी त्या इमारतीत कितीतरी वर्षे राहत होते. मला कुणी रागावण्याची ती पहिलीच वेळ.