विळी परत गेली ती सकाळ

देवरूखची मावशी इन्सुलिन सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत गेली. त्यामुळे आईच्या लेखी ती सुई म्हणजे शेवट. मावशीला सुई फार उशिरा लागली, हे डॉक्टरांनी सांगून पाहिलं, तरी ती ऐकेना. पण आईची किडनी अधू होत चालली होती, हृदयाचं दुखणं जुनंच होतं आणि गोळ्यांनी साखर उतरत नव्हती. २००१च्या उन्हाळ्यात ती एकदाची तयार झाली आणि रत्नागिरीच्या दवाखान्यातून घरी येताच निरवानिरवीला लागली. पैठणी वहिनीला दिली. मला दिली मासे कापायची विळी, जिला ती कुणाला हात लावू देत नसे.

रोज सकाळी मी तिच्या पोटावर इन्सुलिन टोचायचे. ती भिंतीकडे बघत बसायची. दिवसभर सगळ्यांशी इतकं गोड बोलायची की आम्हालाच धास्ती वाटायची.

पावसाळा सरेपर्यंत साखर आटोक्यात आली, कित्येक महिने चिघळलेली पायाची जखमही भरली. एका सकाळी मी सुरमई कापत होते. आई मागे येऊन उभी राहिली.

"वाट लावलीस सुरमईची. ऊठ, दे ती विळी."

त्याच दुपारी वहिनीने पैठणी कपाटात आणखी आत सरकवली.