आत्यांनी निवडलेला कॉम्प्युटर

माझ्या बायकोच्या आत्यांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू तिच्या खोक्यावरचा छापील मजकूर वाचून घेतलेली नाही. खोक्यावर लिहिणारा माणूस आणि खोक्यात भरणारा माणूस यांची कधी गाठच पडलेली नसते, असं त्यांचं ठाम मत आहे. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या वर्गाला बत्तीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि पडेगावात दोन खोल्यांचं घर बांधून एकट्या राहू लागल्या, पण त्यांच्या पर्समधला मल्टिमीटर काही निवृत्त झाला नाही. लग्नाला गेल्या तर मंगल कार्यालयातल्या सॉकेटचं व्होल्टेज मोजल्याशिवाय त्या फोन चार्जिंगला लावत नाहीत. आमच्या एका नातेवाइकाच्या नव्या घराच्या जेवणाला पंगत बसलेली असताना स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "घराला अर्थिंग नाय. ओल्या हातानं फ्रिजला कुणी शिवू नका." मठ्ठा फ्रिजमध्ये होता. ती पंगत मठ्ठ्यावाचून उठली, आणि यजमानांनी पुढं वर्षभर आत्यांशी अबोला धरला. आत्यांना तो अबोला कळलाच नाही, कारण मधल्या काळात त्यांनी दोनदा फोन करून अर्थिंगचं काम झालं का म्हणून विचारलं होतं.

अशा बाईला मी माझी सर्वांत लाजिरवाणी इच्छा का सांगितली, हे मला आजही नीट कळलेलं नाही. मी शाळेत मराठी शिकवतो. मोबाइलवरच्या खेळांनी तरुण पिढीचं कसं वाटोळं होत आहे, या विषयावर मी दरवर्षी नववीकडून निबंध लिहून घेतो आणि उत्तम निबंध फळ्याशेजारी लावतो. आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मलाच, एका मित्राकडं त्याच्या कॉम्प्युटरवर तासभर फुटबॉल खेळल्यापासून, दुसरं काही सुचेनासं झालं होतं. वर्गात समास सोडवताना माझी बोटं टेबलावर पास देत होती. पन्नास हजार रुपये मी बाजूला ठेवले होते. बायकोला सांगितलं की प्रश्नपत्रिका टाइप करायला कॉम्प्युटर लागतो. आत्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"प्रश्नपत्रिकेला पन्नास हजार?" त्या म्हणाल्या. "कोणती प्रश्नपत्रिका काढता हो जावईबापू? वीस हजारात होतंय ते काम. खेळायला पाहिजे का?"

मी मान खाली घालून हो म्हणालो.

"मग खेळायला पाहिजे म्हणून सांगा ना. खेळायच्या मशीनला ग्राफिक्स कार्ड लागतं. खोटं सांगितलं तर मशीन बी खोटंच मिळंल." एवढं बोलून त्यांनी जुन्या हजेरीबुकाचं कोरं पान उघडलं आणि वर माझं नाव लिहिलं. माझ्या इच्छेला त्या हसल्या नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं त्याला मी तेव्हा कर्तव्यबुद्धी समजलो. आता वाटतं, तो निव्वळ आनंद होता.

त्यानंतर आत्यांनी माझा कॉम्प्युटर निवडायला घेतला, तो मे महिन्यात. तयार मशीन घ्यायचं नाही, एकेक भाग पारखून आणायचा आणि घरी जोडायचा, हे त्यांनी मला न विचारताच ठरवलं होतं. बाकी सगळं मात्र त्या मला विचारून ठरवत. आधी त्यांनी आमच्या सिडकोतल्या घरी दुपारी तीन वाजता येऊन टेबल ठेवायच्या खोलीत थर्मामीटर टांगला. तासाभरानं तो वाचून म्हणाल्या, "इथं माणूस शिजतो, तिथं कार्ड काय जगंल? पंखे तीन लागतील. पण दोनमध्ये बी भागंल, जागा बदलली तर. तुम्हाला काय वाटतं?" मला काहीही वाटत नव्हतं. मी गंभीरपणे म्हणालो, "जागा बदलावी." त्यांनी वहीत लिहून घेतलं. बत्तीस वर्षं शिकवलेल्या बाईला कुणाचं तरी मत लागत होतं, आणि त्यासाठी त्यांनी एका मराठीच्या मास्तरला निवडलं होतं. का, तर म्हणे, "मास्तर माणूस. तोलून बोलता."

तोलण्यावर त्यांचा भारीच भरवसा. कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याला एसएमपीएस म्हणतात. बाकी सगळं स्वस्तातलं चालेल पण हा डबा नाही, हा त्यांचा पहिला नियम, आणि चांगला डबा वजनावर कळतो, हा दुसरा. पहिल्याच दुकानात त्यांनी पिशवीतून भाजी तोलायचा ताणकाटा काढला, त्याच्या आकड्याला एक डबा अडकवला आणि तो नाकासमोर धरून उभ्या राहिल्या. दुकान पोरांनी भरलेलं होतं. मालकानं कपाळाला हात लावला.

"आपा, ये क्या बैंगन है क्या तौलने को?"

"बैंगन भी तौलकेच लेती मैं," आत्या म्हणाल्या. "दुसरा दिखाओ. ये हलका है."

पोरं हसली. त्यांतला एक आमच्या शाळेचा माजी विद्यार्थी आहे असं मला वाटलं, आणि मी चार पावलं मागं सरून एका कॅबिनेटच्या खोक्यामागं उभा राहिलो. मालकानं "भाईसाब, आप इनके साथ है?" असं विचारलं, तेव्हा मी खोक्यावरचा मजकूर वाचत असल्यासारखं केलं. आत्यांनी मागं वळून पाहिलं, माझी जागा बघितली, आणि डबा सोडवून ताणकाटा पिशवीत ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "गर्दीत तुम्हाला त्रास होतो ना? पुढच्या वेळी मी एकटीच येते." त्या खरोखर एकट्या जाऊ लागल्या आणि मला, लाज वाटायच्या ऐवजी, हायसं वाटलं.

मग रोज संध्याकाळी साडेसातला त्यांचा फोन येऊ लागला. कुठल्या प्रोसेसरचा भाव चारशेनं उतरला, रॅमचा किती चढला, कुठल्या कार्डाचे पंखे धुळीत लवकर जातात, सगळं त्या सांगायच्या आणि शेवटी विचारायच्या, "तुम्हाला काय वाटतं?" मे गेला, पावसाळा गेला, दसरा आला. वहीतली पानं भरत गेली आणि घरात अजून एक स्क्रूसुद्धा आलेला नव्हता. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली, तसा माझा धीर सुटला. एका दुपारी शाळेतून येताना मी एका झगमगीत दुकानात शिरलो. काचेच्या कॅबिनेटमध्ये लाल, हिरवे, जांभळे दिवे फिरत होते. विक्रेता म्हणाला, सर, आज घेऊन जा आणि आज खेळा. बावन्न हजारांना मी तो घेऊन आलो. एसएमपीएस कुठला आहे हे मी विचारलंसुद्धा नाही.

बायको म्हणाली, "आत्याला फोन करून सांगा."

"सांगतो ना," मी म्हणालो.

साडेसातला फोन आला. आत्या दोन मदरबोर्डांबद्दल बोलत होत्या. मी तोंड उघडलं, पण त्यांनी इतक्या उत्साहानं बोलायला सुरुवात केली होती की म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, परवा. सलग सोळा दिवस आत्या मला माझ्यासाठी भाग निवडून देत राहिल्या, आणि सोळा दिवस मी फोन खांद्यात दाबून, खेळाचा आवाज बंद करून, तयार मशीनवर फुटबॉल खेळत "बरोबर आहे आत्या" म्हणत राहिलो. एकदा त्यांनी काहीतरी खोदून विचारलं, तेव्हा मी पेनल्टी घेत होतो. "दुसरा बरा वाटतो," एवढं मी म्हणाल्याचं आठवतं.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. दाराच्या भिंगातून आत्या दिसल्या. मी धावत आत जाऊन मशीनवर पलंगपोस टाकला आणि दार उघडलं. आत्यांच्या कुशीत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं, तान्हं मूल धरावं तसं. सिल्लोडला एकानं वापरलेलं ग्राफिक्स कार्ड विकायला काढलं होतं. आत्या पहाटेच्या एसटीनं तिथं गेल्या होत्या, त्याच्या घरी त्याच्याच मशीनवर ते कार्ड दोन तास चालवून बघितलं होतं, त्याच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली होती, आणि येताना सबंध रस्ता कार्ड मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "खड्डे लई," त्या म्हणाल्या. "पण एक दणका लागू दिला नाय. बजेटमध्ये बसलं, जावईबापू! आता उद्याच बाकीचं आणू."

बोलत बोलत त्या आतल्या खोलीच्या दारात आल्या. फिकट पलंगपोसातून लाल, हिरवा, जांभळा उजेड पाळीपाळीनं फाकत होता.

"हे काय?"

"दिवाळीची लायटिंग," मी म्हणालो. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, मराठीचा शिक्षक.

 आत्या टॉवेल मागून आलेल्या माझ्या बायकोच्या हातात देऊन हळू आवाजात म्हणाल्या, "पलंगपोस काढा. हवा लागंना त्याला. तापंल." मी हललो नाही, म्हणून त्यांनीच तो काढला, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवला. मशीन बंद केलं, प्लग काढला, पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढून बाजूचं झाकण उघडलं. त्या रागावतील, निदान टाकून बोलतील, याची मी वाट पाहत होतो. त्यांनी मागच्या पंख्यावर बोट ठेवलं. "हा उलटा बसवलाय. गरम हवा बाहेर टाकायची सोडून आत ओढतोय." चार स्क्रू काढून त्यांनी पंखा सुलटा बसवला, लोंबणाऱ्या वायरी एकत्र बांधल्या, आणि मग एसएमपीएसजवळ वाकून त्याच्यावरचं लेबल वाचलं. बराच वेळ वाचलं. उठल्या आणि टॉवेलातलं कार्ड परत कुशीत घेतलं.

"ह्या डब्यावर हे कार्ड चालायचं नाय," त्या म्हणाल्या. "नायतर बसवून दिलं असतं."

चहा घ्यायला त्या थांबल्या नाहीत. रिक्षापर्यंत सोडायला गेलो तर म्हणाल्या, "जा तुम्ही, ऊन आहे." कार्तिकातलं ऊन ते कसलं. त्या संध्याकाळी साडेसातला फोन आला नाही, आणि त्यानंतर कधीच आला नाही. तसा अबोला नव्हता. बायकोशी बोलायच्या, माझी खुशाली विचारायच्या. मीच त्यांच्या गावाला जायचं टाळत होतो. बायको पडेगावला निघाली की मला पेपर तपासायचे असत, अगदी ज्या आठवड्यात परीक्षाच झालेली नसे त्या आठवड्यातसुद्धा. एकदा ती तिकडून परत आली आणि म्हणाली, "आत्यानं ते कार्ड वापरून स्वतःच कॉम्प्युटर बनवला. म्हणते, लोकांचे टीव्ही-रेडिओ आयुष्यभर नीट केले, स्वतःसाठी काही बनवायचं राहूनच गेलं होतं. तुमचा झाला की त्याच वहीवरून तिचा करायचा होता."

ते ऐकल्यावर मात्र मला राहवेना. जानेवारीतल्या एका रविवारी मी एकटाच पडेगावला गेलो. आत्या मेथी निवडत होत्या. मी उंबऱ्यातूनच म्हणालो, "आत्या, माझं चुकलं."

"आत तर या." त्यांनी पाणी दिलं. मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढं सरकवली. मी निवडू लागलो. निवडता निवडता त्या म्हणाल्या, "तयार आणलं त्याचं काय नाय. माझंच लांबलं, व्हय. मला एक सांगा. त्या दोन बोर्डांतला दुसरा बरा वाटतो म्हणाला होतात. ते काहून?"

मला त्या दोन बोर्डांबद्दल एक अक्षर आठवत नव्हतं. एखादं कारण रचता आलं असतं. माझा धंदाच शब्दांचा. पण जमलं नाही.

"मी ऐकत नव्हतो, आत्या. खेळत होतो."

त्यांनी मान डोलावली. "मी दुसराच घेतला," त्या म्हणाल्या. "पहिला मनात होता. पण म्हटलं, इतक्या दिवसांत पयल्यांदा ठामपणे सांगितलं, म्हणजे इचार केला असंल." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून घाईघाईनं म्हणाल्या, "चांगला निघाला तसा. चार रॅम बसतात त्याच्यात."

मेथी झाल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. खिडकीपासून दूर, सावलीतल्या भिंतीशी एक साधं काळं कॅबिनेट होतं. एकही दिवा नाही. चालू आहे की बंद, हेही कान देऊन ऐकल्याशिवाय कळू नये इतकं शांत. आत्यांनी मला बाजूच्या स्टुलावर बसवलं आणि पडद्यावर एक भलामोठा ट्रक आला. आत्यांना साधी स्कूटर कधी चालवता आली नाही. इथं मात्र त्या परमुलखातल्या पावसाळी रस्त्यावरून वीस टन माल घेऊन निघाल्या होत्या, प्रत्येक सिग्नलला थांबत, एकालाही ओव्हरटेक न करता. पाठ ताठ, चष्मा नाकावर, ओठ घट्ट मिटलेले. इतका सुखी चेहरा मी आमच्या नात्यात दुसरा पाहिलेला नाही.

हल्ली मी बऱ्याच रविवारी जातो. त्या चहा देतात, शाळेचं विचारतात, खेळू देतात. सगळं पूर्वीसारखं आहे असं बायको म्हणते. परवा त्यांच्या ट्रकसमोर रस्ता फुटला. एक फाटा डोंगरातून जात होता, एक समुद्राच्या कडेनं. आत्यांनी वेग कमी केला. मी स्टुलावर सरसावून बसलो. दोन्ही रस्ते मी नीट निरखून पाहिले, डोंगरातला जवळचा होता पण चढाचा, आणि काय सांगायचं ते मी मनाशी अगदी तोलून ठरवलं. आत्यांनी माझ्याकडं न बघता डावा इंडिकेटर लावला, आरशात बघितलं, आणि ट्रक हळूच समुद्राच्या रस्त्याला वळवला.