आईच्या टेपवरची उंची

मियागाओ गावात जोनाबेल गालेगोची उंची सगळ्यांना पाठ होती: एकशे एक्कावन्न सेंटीमीटर. पोलिसात जायला मुलीला एकशे बावन्न लागतात. जोनाबेलला पोलिसातच जायचं होतं, आणि मध्ये तो एक सेंटीमीटर आडवा पडला होता.

आई साल्वे शिवणकाम करायची. पोरीचं माप दर वाढदिवसाला गळ्यातल्या कापडी टेपनं तीच घ्यायची, आणि जोनाबेल टाचा वर करायला लागली की खांदा दाबून खाली आणायची. नववर्षाच्या मध्यरात्री तिथली सगळी पोरं उंच होण्यासाठी उड्या मारतात. जोनाबेल चोविसाव्या वर्षीही मारत होती. शेजारणी म्हणायच्या, "इंदाय, पोरी, आता पुरे गं, जमीन खचेल."

तरीही शाळा संपल्यावर तिनं इलोइलो शहरात गुन्हेशास्त्राला प्रवेश घेतला होता. अभ्यासाला उंचीची अट नव्हती. पांढरा गणवेश, कानावर कापलेले केस, सकाळची कवायत. कायद्याची कलमं तिला जड गेली, पण घटनास्थळाच्या तासाला ती रमली. निवृत्त पोलीस अधिकारी असलेले तिंगसोन सर वाळूत पावलांचे ठसे उमटवायचे आणि पोरांना मोजायला लावायचे. मोजण्याआधी पोलादी टेप तपासायची, हा त्यांचा नियम. ते म्हणायचे, "खोटं बोलायला माणूसच लागतो असं नाही. टेपही बोलते."

तास संपला की पोरं त्याच टेपनं एकमेकांची उंची मोजायची. तेव्हा जोनाबेल पाणी प्यायला बाहेर जायची. फॉर्मवर ती आईनं सांगितलेला आकडा लिहायची.

पदवी झाली, गुन्हेशास्त्राची परवाना परीक्षाही झाली. मग भरतीच्या मोजणीची तारीख आली. मामाचं नाव बॉय, तो तीनचाकी रिक्षा चालवायचा. झोपून उठल्यावर माणूस थोडा लांब असतो हे त्याला कुठूनतरी कळलं होतं. त्यानं तिला बिछान्यावरूनच उचललं, गाडीच्या बाकावर आडवं केलं आणि पहाटे निघाला. तिचे पाय बाहेर लटकत होते.

"डोकं उचलू नकोस," मामा म्हणाला. "उभी राहिलीस की आखडशील."

"मामा, मी मेलेय असं वाटतंय लोकांना."

"वाटू दे. एक जण तर टोपी काढून उभा राहिला."

ओळीत उभी राहिल्यावर तिनं मनाशी ठरवलं की नकार आला तर सुटलेल्या गुन्हेगारांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशनच्या कचेरीत अर्ज टाकायचा, तिथं उंची विचारत नाहीत. पण ते सांगताना आईचा चेहरा कसा होईल, तेवढं तिला बघवणार नव्हतं.

अनवाणी पाय, टाचा भिंतीला. वरची फळी डोक्यावर टेकली. शिपाईबाईंनी वाचलं, "एकशे बावन्न पूर्णांक पाच."

जोनाबेल हलली नाही. पुन्हा मोजा, म्हणाली.

"पोरी, सगळे जास्त लिहा म्हणून मागे लागतात," बाई म्हणाल्या. "तू कमी कशाला मागतेस?"

दुसऱ्यांदाही तेवढेच आले. बाहेर येऊन ती फूटपाथवर बसली. मामानं विचारलं तेव्हा तिनं होकारार्थी मान हलवली. तो लगेच म्हणाला की ही सगळी आडवं झोपण्याची कमाल.

घरी आल्यावर तिनं कॉलेजच्या तासासाठी घेतलेली स्वतःची पोलादी टेप आईच्या टेपशेजारी मांडली. इतक्या वर्षांच्या ओढण्यानं कापडी टेप ताणली गेली होती. जोनाबेलच्या उंचीपर्यंत येईतो ती दीड सेंटीमीटर मागे पडत होती.

साल्वेनं दोन्ही टेपांवरून बोट फिरवलं. "पण माझा एकही ब्लाउज बिघडला नाही," ती म्हणाली.

बिघडणारच नव्हता. अंग त्याच टेपनं मोजलेलं आणि कापडही त्याच टेपनं. दोन्हींची चूक सारखीच. जोनाबेलनं हे समजावलं तेव्हा साल्वे हसायला लागली. दरवर्षी त्या उड्या मारायला तीच पोरीला झोपेतून उठवायची.

जोनाबेलनं नवी टेप आणून देऊ का विचारलं. साल्वे नको म्हणाली. गिऱ्हाइकांची सगळी मापं जुन्या टेपवर होती. तिनं ती परत गळ्यात टाकली.

"उभी राहा," ती म्हणाली. "मुलाखतीच्या शर्टाचं माप घेते. आणि आता टाचा वर करू नकोस."