अष्टमीची पाटीभर बोय

अलीगंजच्या पार्कात ते आजोबा रोज सकाळी एकाच बाकावर बसायचे. मुलाची सरकारी नोकरी लखनऊत, म्हणून कोकणातलं घर बंद करून आलेले. मराठी ऐकून मी शेजारी बसू लागलो. नाव विचारायचं राहूनच गेलं.

बोटांच्या पेरांवर तिथी मोजून, तिची पाऊणपट करून ते गावच्या खाडीची भरती सांगत. “आज चतुर्थी. तीनला भरती.” समुद्र इथून दोन दिवसांच्या रेल्वेवर. मग स्पीकर लावून, गावी होडीने मासेमारी करणाऱ्या धाकट्या भावाला फोन करत, काल काय मिळालं म्हणून.

एकदा भाऊ म्हणाला, “दादा, पाटीभर बोय लागली!”

“अच्छा, छान.” फोन ठेवल्यावर त्यांची बोटं पेरांवर थांबली. “काल अष्टमी. पाण्याला ओढच नसते. आमच्या खाडीत अष्टमीला पाटीभर मासा कुणाला लागलाय? खाडीत गेला असता तर असं बोललाच नसता. होडी विकली असणार त्याने.”

“विचारा ना मग.”

ते बाकावरून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी फोन लागताच तेच आधी म्हणाले, “काल नवमी होती रे. फारसं काही लागलं नसेल.”

पलीकडून भावाचा आवाज आला,

“हो दादा. चारच शेंगट्या लागल्या.”