सत्ताविसावी रांग

आमच्या साडूंइतका दारांचा विचार केलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, सुतारसुद्धा नसेल. उदगीरला त्यांचं पाइपांचं आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. कुठल्याही इमारतीत पाऊल टाकलं की अप्पा आधी मान वळवून दुसरं दार शोधतात. "ज्या दारानं समदे जातेत, ते दार आपलं न्हाई," हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यापायी त्यांनी जन्मभर वाचवलेला वेळ कुठं ठेवलाय हे त्यांनाच ठाऊक, कारण सगळ्यांच्या आधी पोचून ते एकच काम करतात, ते म्हणजे इतरांची वाट बघणं.

लातूरला एका लग्नात वधूवरांना भेटायला ही लांब रांग लागली होती. अप्पा रांगेत उभे राहतील हे शक्यच नव्हतं. ते मंडपाला वळसा घालून आचाऱ्यांच्या बाजूनं गेले, तिथून स्टेजच्या मागं, आणि फुलांचा पडदा दोन हातांनी बाजूला सारून नेमके फोटोग्राफरनं बटण दाबायच्या क्षणी प्रकट झाले. त्या अल्बममधला पहिला फोटो अजून तसाच आहे: नवरदेव, अप्पा, नवरी. तिघंही हसताहेत, पण मनापासून एकटे अप्पाच. एकदा बसस्थानकावर गर्दी बघून ते थेट ड्रायव्हरच्या दारानं एसटीत चढले. ड्रायव्हर चहा पिऊन आला आणि यांना स्टिअरिंगमागं अडकलेलं बघून म्हणाला, "काका, बसायला आलाव का चालवायला?" अप्पा शांतपणे म्हणाले, "मधी चाललोय. तुम्ही जरा पाय वर घ्या."

अशा माणसाला विमानाचा शोध लागला. नांदेडच्या विमानतळावर विमानाला पुढं एक आणि मागं एक अशा दोन शिड्या लागतात आणि माणसं दोन्हीकडून चढतात-उतरतात, हे पहिल्यांदा बघून आल्यावर अप्पा आठवडाभर दुसऱ्या विषयावर बोलले नाहीत. पहिल्या दहा रांगांनी पुढून उतरावं, शेवटच्या दहांनी मागून. मधल्यांबद्दल त्यांना खरी दया होती. "तेरा ते सतरा, ह्यांचा कुणी वाली न्हाई बघा पाव्हणं," असं ते मला हळहळून सांगत. पण पुढचं दार जलद की मागचं, हा प्रश्न सुटत नव्हता, कारण एका माणसाला एका वेळी एकाच दारानं उतरता येतं. ही अडचण त्यांनी गेल्या वर्षी दूर केली. त्यांच्या मुलीचं बंगळूरला डोहाळजेवण होतं आणि आम्ही तिघं जाणार होतो: अप्पा, मी आणि अक्का. अक्का म्हणजे अप्पांच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. अप्पांनी आमच्या जागा परस्पर निवडल्या. स्वतःला दुसरी रांग, अक्कांना सत्ताविसावी आणि मला, पंच म्हणून, पंधरावी.

अक्का पहिल्यांदाच विमानात बसत होत्या. आपली जागा एकटीची, पार मागं आहे, हे त्यांना नांदेडला, तिकीट हातात पडल्यावर कळलं.

"तुम्ही माझ्याजवळ न्हाई बसणार?" त्यांनी विचारलं.

"अगं, विमान तेच हाय की. तू मागनं उतर, मी पुढनं उतरतो. खाली भेटू. बघू कोण आधी!"

"मला काही कळत न्हाई त्यातलं."

"कळायचं काय त्यात? मागचं दार. ध्यानात ठेव. मागचं."

अक्का "बरं" म्हणाल्या. बेचाळीस वर्षं त्या "बरं"च म्हणत आल्या होत्या. गुडघ्यावर हात देत त्या मागची शिडी चढल्या आणि पुढच्या शिडीवरून अप्पांनी त्यांना उत्साहानं हात केला. विमान वर गेल्यावर मी उठून एकदा मागं जाऊन आलो. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते आणि पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. "अक्का, बरं वाटतंय ना?" मी विचारलं. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "भावजी, ह्यांना सांगू नका."

मी सांगितलं नाही. ते माझं चुकलंच.

बंगळूरला विमान थेट इमारतीला जाऊन लागलं. पुढच्या दाराला बोगद्यासारखा रस्ता जोडला गेला आणि सगळ्यांनी पुढच्याच दारानं उतरावं, असं हिंदी-इंग्रजीतून सांगण्यात आलं. अप्पा केव्हाच बाहेर पडले होते. मी गेलो तेव्हा ते बोगद्याच्या तोंडाशी मोबाइलवरचं घड्याळ लावून उभे होते. "तुमचे नऊ मिनिटं!" ते म्हणाले. "आता ही किती लावती बघू."

माणसं येत राहिली, मग तुरळक झाली, मग कुणीच येईना. अप्पांनी घड्याळ बंद केलं. "मागनं उतरून गेली असंल," ते म्हणाले. तिथल्या गणवेशातल्या मुलीला त्यांनी तेच विचारलं. ती म्हणाली, "अंकल, पीछे का दरवाज़ा आज खुला ही नहीं."

अप्पांचा चेहरा उतरला. अक्कांचा मोबाइल अप्पांच्याच पिशवीत होता. ते बोगद्यात शिरायला निघाले, तर त्या मुलीनं आडवा हात केला. इथून फक्त बाहेर येता येतं, आत जाता येत नाही. ज्या माणसाला आजवर कुठलंच दार अडवू शकलं नव्हतं, तो माणूस हात जोडून उभा राहिला. "बेटी, मेरी बायको अंदर है. उसकू कुछ मालूम नहीं. मैंच बोला उसकू पीछे से उतर."

तिनं वायरलेसवर विचारणा केली, थोडा वेळ ऐकून घेतलं आणि आम्हा दोघांना सोबत घेऊन विमानाच्या दारापर्यंत नेलं.

सगळं विमान रिकामं होतं. झाडणारी माणसं पिशव्या घेऊन थांबली होती. पार शेवटी, सत्ताविसाव्या रांगेत, अक्का पट्टा बांधून, पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. हवाईसुंदरी त्यांना हिंदीत समजावत होती आणि अक्का तिला मराठीत सांगत होत्या, "मागचं दार उघडा बाई. आमचे हे खाली उभे हायत उन्हात. मी पुढनं गेले तर आमची चुकामूक होईल."

अप्पा त्या अरुंद वाटेनं चालत गेले. मी दारातच थांबलो. माझ्यासमोर त्यांची पाठ होती आणि ती इतकी वाकलेली आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं. ते अक्कांशेजारच्या खुर्चीत बसले.

"अगं, हितं मागचं दार न्हाई उघडत."

"मग मला काय म्हाईत? तुम्हीच म्हणला."

"हाव. मीच म्हणलो."

"मला लई भेव वाटलं हो."

अप्पांनी अक्कांच्या पट्ट्याची कडी सोडवली, पर्स स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि त्यांना हात देऊन उठवलं. एकेक खुर्ची धरत अक्का पुढं चालल्या आणि अप्पा त्यांच्या मागून, त्यांच्या पावलानं. झाडणाऱ्या माणसांनी अंग चोरून वाट दिली.

बाहेर अप्पांची मुलगी केव्हाची ताटकळली होती. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ती पुढं आली आणि म्हणाली, "अप्पा, विमान लेट झालं का?"

"विमान येळेवर आलं," अप्पा म्हणाले. "मला उशीर झाला."

मुलीला वाटलं ते थट्टा करताहेत. ती हसली. अक्का मात्र चालता चालता थांबल्या, वळून त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि ते जवळ येईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.