सोमण सरांचे रेषेबाहेरचे ठिपके

चिंचवडच्या आमच्या शाळेत शास्त्र शिकवायला मी रुजू झालो, त्याच दिवशी गणिताचे सोमण सर जवळ येऊन म्हणाले, "तुमच्या तासाला मागे बसलो तर चालेल ना?" हेडमास्तरांनी माझ्यावर पाळत ठेवली, असेच मला वाटले. पण सर खरोखरच ऐकायला बसले. मला प्रयोगासाठी आलेख लागणार हे कळताच, पुढच्या सत्रातला तो धडा त्यांनी आधीच शिकवून टाकला. अशी साथ मला कुठल्याच शाळेत मिळाली नव्हती.

प्रयोग स्प्रिंगचा होता. वजन टांगायचे, स्प्रिंग किती ताणली ते मोजायचे आणि आलेखावर ठिपके द्यायचे. सगळ्या मुलांचे ठिपके अगदी सरळ रेषेत! मी खूश, सरांच्या कपाळाला मात्र आठ्या. थेरगावच्या गणपतला त्यांनी विचारले, "एवढं नेमकं कसं रे जमलं?"

"तुमीच म्हनला व्हता सर, ठिपका रेघंभाइर गेला का गनित चुकलं. म्हून आदी रेघ वढली, मंग ठिपकं दिलं."

मला हसू आवरेना. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला त्यांनी वर्गासमोर स्वतः मोजमाप घेतले. खुद्द त्यांचे ठिपके रेषेच्या आजूबाजूलाच पडले. "फळ्यावरच्या गणितात रेघ आधी ठरलेली असते," ते म्हणाले, "इथे ठिपके आधी. पडतील तिथेच राहू द्यायचे." तेव्हापासून तो धडा आम्ही दोघे जोडीने शिकवतो.

मला टायफॉइड झाला, तेव्हा माझे सगळे तास सरांनीच घेतले. वर घरून वहिनींच्या हातची पेजही पाठवली. आभार मानू लागलो की ते विषय बदलत.

पुढे अकरावीच्या वर्गाला मंजुरी देण्यासाठी तपासनीस साहेब येणार होते. मंजुरी नाकारली असती, तर दहावीनंतर पुणे गाठावे लागले असते आणि गावच्या मुलींची शाळा तिथेच सुटली असती. हेडमास्तरांनी घाबरून भिंतीवर लावलेले मुलांचे आलेख, ठिपके रेषेवर आणून, पुन्हा नीटनेटके काढायला सांगितले.

"माफ करा, पण ते बदलायचे नाहीत," सर म्हणाले. "खोटं काढून वर्ग मिळवला, तर त्या वर्गात शिकवायचं काय?"

साहेबांनी भिंतीकडे पाहून विचारलेच, "हे ठिपके रेषेबाहेर कसे?"

गणपत उठला. "मोजलं तसंच दिल्यात, सायेब. तुमी बी मोजून बगा की."

साहेबांनी खरोखरच मोजले. त्यांचाही ठिपका रेषेबाहेर! ते मनापासून हसले. महिन्याभरात मंजुरी आली.

यंदा गणपतची धाकटी बहीण अकरावीला आहे. पुण्याला तिला कुणीच धाडले नसते. साठी गाठलेल्या सरांबद्दल निवृत्तीचा नियम काय म्हणायचे ते म्हणो. या मुलीच्या मुलांनाही त्यांनी शिकवावे, एवढे उदंड आणि निरोगी आयुष्य त्यांना लाभो.